इंदुमावशींचा उजवा पाय

पोटरीला बांधलेलं यंत्र सकाळपासून तिसऱ्यांदा बोललं, "पाय वाचण्याची शक्यता चार टक्के. पाच वाजता पाय काढण्याची शस्त्रक्रिया."

विषाणूचा ताप उतरला, पण रक्तात गाठी होऊन इंदुमावशींचा उजवा पाय निळा पडला होता. गाठी कुरतडणारे सूक्ष्म यंत्रकिडे काल शिरेत सोडले होते. रक्तच पुढे सरकेना, म्हणून ते घोट्यापाशीच अडले.

"पोटरी हलली की रक्त वर चढतं ना गं?" मावशींनी विचारलं.

"चढतं. पण तुम्हाला दोन पावलं टाकवत नाहीत," डॉक्टर तृप्ती म्हणाली.

"चालतंय कोण? मला त्या कोपऱ्यातल्या हातमागावर बसव."

"यंत्र विश्रांती सांगतंय, मावशी."

"त्याला चालणाऱ्यांचे पाय शिकवलेत. विणकराचा पाय बसूनच राबतो, हे त्याच्या बापाला तरी ठाऊक आहे का?"

तृप्तीला हसू आलं. तिनेच त्यांना मागावर बसवलं. मागाची खालची पट्टी उजव्या पायाने दाबताच कळ मस्तकात गेली. मावशी दात आवळून विणत राहिल्या.

साडेचारला मावशींना शस्त्रक्रियेला न्यायला रुग्णवाहिका आली. तृप्तीने मावशींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख सावकाश गुलाबी झालं; रक्त पुन्हा बोटांपर्यंत पोचत होतं.

"गाडीवाल्याला चहा पाज आणि परत पाठव," मावशी म्हणाल्या. "माझ्या साडीचा काठ अजून अर्धा व्हायचाय."