सावलीची बाग

ऊन लागलं की लेकाच्या अंगावर फोड उठायचे, म्हणून तिला सावलीची बाग हवी होती. कारण मात्र ती कुणाला सांगत नसे. लोकांची हळहळ नको वाटायची.

सातव्या घराचं मागचं दार एजंटने ओशाळतच उघडलं. "बाग उत्तरेला आहे, ताई. त्यात शेजाऱ्यांचं हे झाड!"

ती दुपारभर तिथे उभी राहिली. कवडसाही आला नाही. तिने घरी फोन लावला. "राजा, आता दिवसा बाहेर खेळायचं हं!"

किल्ली देताना एजंट खुशीत होता. "झाडाकडे टक लावून बघत होतात, तेव्हाच तुमची अडचण ओळखली मी. शेजाऱ्यांच्या हातापाया पडून कालच तोडायला लावलं. आता ऊनच ऊन!"

तोवर टोपी, हातमोजे भिरकावत लेक मागच्या दाराकडे धावला होता.