दोन अक्षरी उत्तर

घोडा उचलला आणि त्याला पुन्हा ते पत्र आठवलं. उत्तर न दिलेलं. ते पुस्तकांच्या कपाटात होतं, शब्दकोशाच्या मागे, आणि बुद्धिबळाचा डाव मांडला की तिथूनही त्याच्याकडे बघत असल्यासारखं वाटायचं.

"ठेव की दादा," समोरचा धाकटा भाऊ म्हणाला. "घोड्याला घाम फुटला हातात."

त्याने घोडा ठेवला, चुकीच्या घरात. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, पण स्वतःच्या चालीतली चूक त्याला नेहमी खेळून झाल्यावरच दिसे.

दोघाही भावांना तरुणपणापासून सोरायसिस. कोपरांवर लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे. इस्पितळात नव्या औषधाची चाचणी निघाली तेव्हा दोघांनी एकाच बाकावर बसून इंजेक्शनं घेतली. थोरल्याची कोपरं साफ झाली. धाकट्याची होती तशीच राहिली.

"तू कात टाकलीस, दादा," धाकटा म्हणाला होता. "मी आपला बिळातच बरा." थोरल्याला तेव्हा नीट हसता आलं नव्हतं. पण त्याने अर्ध्या बाह्यांचे शर्ट शिवायला टाकले, आणि उतारवयात का होईना, तो सुखात होता.

मग इस्पितळातल्या संशोधन करणाऱ्या बाईंचं ते पत्र दोघांनाही आलं. औषध आधी काचेच्या बशीत तपासलं, मग उंदरांवर, मग तुमच्यावर. आता उलट जायचं आहे, माणसाकडून परत काचेच्या बशीकडे. बऱ्या झालेल्या कातडीतही आजाराची आठवण धरून बसलेल्या पेशी राहतात. एका भावाच्या पेशी गप्प का बसल्या आणि दुसऱ्याच्या का नाही, हे कळलं तर ज्यांना गुण आला नाही त्यांच्यासाठी काही करता येईल. त्यासाठी कोपराचा मसुराएवढा तुकडा हवा. दोघांचाही, एकट्याचा उपयोग नाही. आणि शेवटी, अगदी सरळ शब्दांत: जखम होते तिथे आजार पुन्हा उठू शकतो.

नाही म्हणायला काहीतरी सापडावं म्हणून त्याने ते पत्र मुद्रितासारखं तपासलं. एक स्वल्पविराम जास्तीचा होता, पण तेवढ्यावर नकार देता येत नव्हता. बायकोला एवढंच म्हणाला, "याला खाजवून खरूज काढणं म्हणतात."

"मग तसं कळवा," ती म्हणाली. "कपाटाला सांगून काय उपयोग?"

त्याने काहीच कळवलं नाही.

धाकट्याने उंटाने त्याचा घोडा मारला. "त्या संशोधनवाल्या बाईंचा फोन आला होता," तो पटावरून नजर न काढता म्हणाला. "माझं उत्तर पोचलंय. तुझं नाही म्हणाल्या. मी सांगून टाकलं, दादाचं नाही धरा, दुसरी जोडी बघा."

"मला विचारायचंस तरी."

"कसं विचारू? पत्राचं नाव काढलं की तू अडीच घरं लांब. जाऊ दे. सुटलास बघ. आता मोकळेपणी खेळ."

खरंच सुटला होता तो. खांद्यावरचं काहीतरी उतरलं. त्याने हत्तीकडे हात नेला, आणि तेवढ्यात धाकट्याने खिशातून रुमाल काढून पट पुसला. एवढ्या उकाड्यात त्याची बाही मनगटाशी बटण लावून बंद होती, तरी पापुद्रे गळायचेच. काळ्या घरांवर ते दिसतात. वहिनी चहा घेऊन यायच्या आत तो बोलता बोलता पट पुसून घ्यायचा. पूर्वी थोरलाही पुसायचा. दोघेही रुमाल घेऊनच खेळायला बसत. आपण रुमाल आणायचं कधी सोडलं, हे थोरल्याला काही केल्या आठवेना.

"मिळाली त्यांना दुसरी जोडी?" त्याने विचारलं.

"इतक्यात? भाऊ काय झाडाला लागतात?"

थोरला उठला.

"कुठे? हरतोयस म्हणून?"

"कागद आणतो."

'माझी हरकत नाही' असं त्याने लिहिलं. वाचलं. हे म्हणजे हरकत आहे, पण बोलत नाही, असं झालं. 'संमती आहे' हे सरकारी वाटलं. 'आनंदाने तयार आहे' हे तर खोटंच होतं. चुरगळलेले कागद पटाशेजारी साठत गेले. बायकोने चहा ठेवला आणि त्या ढिगाकडे बघितलं.

"मला चिठ्ठी लिहितानाही एवढे कागद नव्हते हो नासले यांनी."

"पण आली ना चिठ्ठी, वहिनी?"

"आली. खाडाखोड करून."

धाकटा हसला. मग पेन उचलून त्याने थोरल्याच्या हातात परत दिलं. "'होय' लिही, दादा. दोनच अक्षरं. अनुस्वारसुद्धा नाही, चुकशील कुठे?"

त्याने 'होय' लिहिलं आणि खाली सही केली.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. दोघे चालत गेले. थोरल्याने पाकीट फटीत अर्धं घातलं आणि तसंच धरून ठेवलं.

"परत उठलं तर?"

धाकट्याने त्याच्या उघड्या कोपरांकडे बघितलं. रस्त्यावरून एक सायकल गेली.

"डावं कोपर दे त्यांना," तो म्हणाला. "उजवं राहू दे. चाल करताना तेच समोर येतं. बघायला बरं वाटतं मला."

थोरल्याने बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.