मागची गाठ

कारखाना बंद होऊन सगळं काम परदेशात जाणार, अशी नोटीस लागली त्या दिवशी बायको हसतच घरी आली. वीस वर्षं ती तिथे शर्टांना बटणं लावत होती. "माझी नोकरी परदेशी निघाली," ती म्हणाली, "आणि मला साधं विचारलंही नाही, येतेस का म्हणून!"

पुढे मी तिकडून येणारे स्वस्त शर्टच घेऊ लागलो. ती बटण उलटून बघायची आणि म्हणायची, "मागे गाठच मारत नाहीत मेले. आठ दिवसांत गळेल." पण एकही बटण कधी गळलं नाही. मी चिडवायचो, "बघ, निम्म्या किमतीत तुझ्याहून पक्कं काम!" ती म्हणायची, "हो हो, फार हुशार बायका आहेत तिकडच्या."

ती जाऊन चार महिने झाले. आज तसलाच नवा शर्ट घातला, तर चहा होईपर्यंत दोन बटणं जमिनीवर. मी दुकानदाराच्या नावाने ओरडू लागलो, तशी मुलगी पोट धरून हसली. "बाबा, त्याला कशाला बोलता? तुमचा नवा शर्ट आला की आई सगळी बटणं काढून परत लावायची. तुम्हाला सांगू द्यायची नाही. म्हणायची, जिंकू दे बिचाऱ्या बाबांना."

बटणं मुलीने लावून दिली. मी हरलो, हे बायकोला सांगायचं तेवढं राहिलं.