पहिली दाढी

न्हाव्याच्या कोपराचं दुर्बिणीने ऑपरेशन करणारे डॉक्टरच आज त्याच्या खुर्चीत येऊन बसले. "वस्तरा घ्या. पहिली दाढी माझीच." ऑपरेशनआधी हात वाकवला की कोपर कटकन वाजायचं, कळ यायची. एकदा त्या झटक्यात गिऱ्हाइकाचा गळा थोडक्यात वाचला होता. तेव्हापासून वस्तरा पेटीतच पडून होता. आता तो डॉक्टरांच्या गळ्यावरून वर सरकला आणि जबड्याखालच्या नेमक्या वळणावर न्हाव्याने सवयीने हात उचलला. "थांबलात का?" "इथंच वाजायचं, साहेब." "नाही वाजणार. माझ्या हातचं काम आहे, चालवा!" श्वास रोखून त्याने वस्तरा फिरवला. कोपर गुमान वाकलं. ना कट, ना कळ. न्हाव्याच्या जिवात जीव आला. "झालं, साहेब!" म्हणत त्याने त्यांच्या अंगावरचं कापड काढलं. डॉक्टरांनी खुर्चीचे हात अजूनही घट्ट आवळून धरले होते.