भात यायच्या आधी

कॉफीचा पेला हातात आला तसा शेख दैफल्लांनी तो ओठाला न लावता समोर ठेवून दिला.

"आमचं मागणं पुरं झाल्याशिवाय तुझ्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, अबू कुतैबा," ते म्हणाले. मागे बसलेल्या मंडळींनीही आपापले पेले खाली ठेवले.

मागणं काय, ते अख्ख्या करक गावाला ठाऊक होतं. पाण्याच्या टँकरखाली अबू कुतैबाचा थोरला, कुतैबा, गेला होता. टँकर चालवणारं पोरगं तुरुंगात होतं. मेलेल्याच्या बापानं चारचौघांत माफ केलं म्हटलं, तर ते घरी येणार होतं. तसं सगळं आधीच ठरलेलं. मधल्या लोकांनी जोडे झिजवून बापाचा होकार आणला होता. आज नुसतं सगळ्यांदेखत बोलायचं, कॉफी प्यायची आणि जेवायला बसायचं. मागच्या अंगणात मन्सफची भलीमोठी परात तयार होती. भात, वर मटण, त्यावर आंबट ताकाचा रस्सा. वास थेट बैठकीत येत होता.

पण बाप काही बोलेचना.

दैफल्लांना कंटाळा आला होता. आजचा नव्हे, जन्माचा. कुणाची सोयरीक जुळवायची असो की कुणाचं रक्ताचं वैर मिटवायचं असो, पुढे घालायला आपले दैफल्ला. आणि जिथं जावं तिथं ती परात! शुगर असलेल्या माणसानं भाताला नाही म्हणायची सोय नाही, यजमान शपथा घालघालून चारतो. डोळे अधू झाले, पायाचं एक बोट गेलं, तरी परात काही सुटली नाही. शेवटी लेकीनं, रुदैनानं, तोड काढली. जेवणाच्या जरा आधी प्रोटीनची पावडर पाण्यात ढवळून प्यायची.

"पोटात हे आधी गेलं ना बाबा, की भात सावकाश उतरतो. साखर एकदम उसळी मारत नाही."

"आता म्हातारपणी मला पैलवान करतेस होय?" ते हसले होते. पण जेवून उठल्यावर बोट टोचून पाहिलं, तर आकडा खरंच शहाण्यासारखा वागला होता.

आजही गाडीतून उतरायच्या आधी त्यांनी बाटली रिकामी केली होती आणि पोटात इन्सुलिनची सुईही टोचून घेतली होती. होकार ठरलेला, भात शिजलेला. उशीर व्हायचं कारणच काय? आता बाटली आणि सुई दोघी मिळून आपापलं काम चोख बजावत होत्या, आणि पोटात भाताचं एक शीतही पडलं नव्हतं.

मानेवरून घाम ओघळला. समोरची माणसं जराशी लांब गेल्यासारखी वाटली.

"बोल ना रे बाबा," त्यांनी कसंबसं म्हटलं.

"कालपर्यंत जमत होतं, काका," अबू कुतैबा खाली बघत म्हणाला. "आज तोंडातून निघत नाही." मग त्यानं वर पाहिलं आणि तो दचकला. "तुम्हाला काय होतंय?"

"साखर उतरलीय. होईल ठीक."

"अहो मग खजूर घ्या! समोर तर ठेवलाय!" त्यानं ताटली पुढे सरकवली.

दैफल्लांनी मान हलवली. मागून खलफ, म्हणजे तुरुंगातल्या पोराचा चुलता, त्यांच्या कानाशी लागला. "थोडं सोसा, काका. विरघळतोय तो. तुमची ही दशा बघून आता हो म्हणतोय की नाही बघा."

खलफचं खरं होतं. आणखी थोडा वेळ नुसतं बसून राहायचं, डोळे मिटायचे, एका अंगावर कलंडायचं, की काम फत्ते. पोरगं तरी कुठं वाईट होतं? दैफल्लांना त्याची कीव येत होती. पण समोरच्या बापाचा चेहरा बघवत नव्हता.

"खा हो काका! अल्लाची शपथ तुम्हाला!" अबू कुतैबाचा आवाज फाटला. "या घरातून आणखी एक मयत निघायला नको. बरं... बरं, ऐका सगळ्यांनी. मी त्या पोराला..."

दैफल्लांनी खजूर उचलला आणि तोंडात घातला.

बैठकीत एकच गलका उडाला. म्होरक्यानंच यजमानाच्या घरचं खाल्लं, म्हणजे मागणं मोडलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेही कुणी आत येऊ दिलं तर.

"म्हातारं खुळं झालं!" खलफ ओरडला. "पोरगं सुटत होतं की हो! सुटत होतं!" तो उठून तरातरा निघून गेला. एकेक करून बाकीचेही उठले.

अबू कुतैबा जागचा हलला नाही. "मी देत होतो ना, काका," तो म्हणाला. "ओठांवर आलं होतं."

दैफल्ला सावकाश चावत होते.

"म्हणून तर खाल्ला."

म्हाताऱ्यानं दुसरा खजूर घेतला, तोही संपवला, आणि बिया कुठे टाकाव्यात म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. तेव्हा अबू कुतैबानं आपला तळहात त्याच्या तोंडाखाली धरला.