कोणत्या झाडाखाली?

“सोमवारपासून अर्धवट नोंद आली, की यंत्रच ती परत पाठवेल,” हेस्टर ब्लेकवेने जाहीर केलं. अळंब्या गोळा करून ओल्या रानात उभ्याउभ्या फ्लास्कमधला चहा पिणाऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

“सुटलीस बाई एकदाची!” तिची मैत्रीण डिलिस म्हणाली.

खरंच होतं. ब्रिटनभरातल्या अळंब्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ हेस्टर फुकट सांभाळायची. कुणीही नोंद पाठवावी, कुणीही पाहावी, सगळा मामला खुला. पण तपासायची तिने. अळंबी कुठल्या झाडाखाली उगवली हे कळल्याशिवाय जात ठरवणं अवघड; बीचच्या झाडाखालची लाल वेगळी, पाइनखालची लाल वेगळी. आणि लोक नेमकं झाडच लिहायला विसरत. मग हेस्टरने पत्र लिहून विचारायचं आणि उत्तराची वाट पाहत बसायचं.

यात सगळ्यांवर कडी केली होती लायनेल ट्रँटर नावाच्या गृहस्थांनी. फोटो सुरेख, जागा अचूक, झाडाचा रकाना कोरा. दर आठवड्याला! ती विचारायची, ‘कोणत्या झाडाखाली?’ दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. ‘बर्च. विचारल्याबद्दल मनापासून आभार. आज त्याच्यावर एक खार होती, फार चिडलेली.’ मग तीही वैतागून का होईना, खारीबद्दल दोन ओळी लिहायची. पुढच्या आठवड्यात रकाना पुन्हा कोरा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. नोंदी आपोआप तपासणाऱ्या यंत्राचा घाट तिने घातला, तो खरं म्हणजे या एका माणसापायी.

आज ट्रँटर पहिल्यांदाच मंडळींबरोबर रानात आले होते. उंच, जरा वाकलेले, चिखलातसुद्धा टाय लावून. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या त्यांनी एकट्यांनी.

चहा संपला, टोपल्या घडीच्या टेबलावर रिकाम्या झाल्या. डिलिसने एक लालचुटुक अळंबी उचलली आणि कपाळाला हात लावला.

“झाड बघायचं राहिलंच की गं!”

“बीच,” मागून ट्रँटर म्हणाले. “देठाला पान चिकटलंय बघा. ही शेजारची हॉर्नबीमखालची. आणि ही ओकखालची, पण इथला ओक नव्हे, तुर्की ओक.”

चिकटलेला पालापाचोळा बघायचा आणि सांगायचं. गृहस्थ कुठे अडखळेनात.

“एवढी झाडं शिकलात कुठे हो?” डिलिसने विचारलं.

“शिकवली. जन्मभर, कॉलेजात.”

हेस्टरच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्यांना जरा बाजूला घेतलं.

“मिस्टर ट्रँटर, इतकी वर्षं माझी थट्टा चालवली होतीत का?”

म्हातारा कानापर्यंत लाल झाला.

“थट्टा नाही हो. पहिल्या खेपेला खरंच विसरलो होतो. एनिड, माझी बायको, नुकतीच गेली होती. कशातच लक्ष नव्हतं. लोक भेटायचे, मान हलवायचे, ‘जपा’ म्हणायचे. विचारायचं मात्र कुणी काही नाही. तुम्ही विचारलंत. उत्तर द्यायचं म्हणून बूट चढवले आणि पुन्हा रानात गेलो. परत आलो तेव्हा भूक लागली होती, बऱ्याच दिवसांनी. पुढच्या खेपेला झाडाचं नाव लिहायला हात होईना. लिहिलं असतं, तर तुम्ही कशाला विचारलं असतं? तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. तेच सांगायला आलो आज. वेळ खाल्ला तुमचा, त्याबद्दल माफ करा. आता नीट लिहीत जाईन.”

आपण अळंब्यांचा हिशोब ठेवतो, एवढंच हेस्टरला आजवर वाटत होतं. आणि त्या चिडक्या खारीचं पुढे काय झालं, हे कळायची आपणही आठवडाभर वाट पाहायचो, हे तिला आत्ता उमगलं. त्या कोऱ्या रकान्याचेच आभार मानावेत, असं तिला फार वाटलं. पण तोंडून निघालं ते एवढंच,

“पाऊस येईलसं दिसतंय.”

“हो ना,” ट्रँटर म्हणाले आणि टोपी घालून आपल्या वाटेने गेले.

सोमवारी यंत्र सुरू झालं. संध्याकाळी ट्रँटर यांची नोंद आली. झाडाचं नाव, वय, खोडाचा घेर, खालची माती, सगळं जागच्या जागी. यंत्राने ती मुकाट्याने स्वीकारली.

हेस्टरने ती वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली. बोट ठेवायला जागा नव्हती. मग तिने लिहायला घेतलं.

‘नोंद मिळाली. आभार. विचारण्यासारखं तुम्ही काहीच शिल्लक ठेवलं नाहीत. तरी विचारते, चहाला कधी येताय?’