सहाशे युरोंची मदत

“लॉक काढ आणि दे इकडे,” चंद्रहासने हात पुढे केला. बोटांना श्रीखंड लागलं होतं, ते त्याने आधी चाटून घेतलं.

सानिकाने फोन दिला. शिकत होती त्या टिलबर्गहून दादाच्या घरी फेल्डहोवनला येताना बसमध्ये ती एकच वाक्य घोकत होती. जेवण होत आलं तरी ते तोंडातून निघालं नव्हतं. शेवटी विवेक आणि जयंती, या दुसऱ्या पाहुण्यांसमोरच बोलावं लागलं. फीचे सहाशे युरो शुक्रवारपर्यंत भरायचे होते, नाहीतर परीक्षा हुकणार. भारतातल्या बँकेचे कर्जाचे पैसे पुढच्या महिन्यात येणार. तोवर उसने हवे होते.

“देणार आहेच मी. पण पैसे जातात कुठे, ते बघायला नको?” चंद्रहासने तिचं बँकेचं ॲप उघडलं. ऑफिसातल्या रिव्ह्यूचा आवाज काढला. “सायकलचं पंक्चर, साडेबारा. अगं, पंक्चर स्वतः काढायचं असतं इथे. केस कापले, अठ्ठावीस. वा. कॉफी. कॉफी. परत कॉफी. विवेक, आपण शिकताना कॉफी प्यायचो का रे?”

“आपण चहासुद्धा उधारीवर प्यायचो,” विवेक म्हणाला. जयंती हसली.

सानिका पुरीचे तुकडे करत राहिली, खाल्ला एकही नाही. समोर चंद्रहासची बायको नीलिमा छोट्या ईशानीला वरणभात भरवत होती. घास तिच्या बोटांत तसाच राहिला. ईशानी बिचारी तोंड उघडं ठेवून वाट बघत बसली.

“आणि हे काय, फुलं? चौदा युरोची? कोण आहे बुवा एवढा नशीबवान?”

“वहिनींना आणली होती,” सानिका म्हणाली. “ईशानीच्या वाढदिवसाला.”

चंद्रहास थांबला, पण फार नाही. “मग चॉकलेटं आणायची. तीन युरोत डबा येतो. आम्हाला काय, भावना पोचल्याशी कारण.” त्याने स्क्रीन आणखी वर सरकवली. “असो. सहाशे देतो. फक्त तुझ्या बाबांना एक फोन करतो. कर्ज त्यांच्या सहीवर आहे ना? त्यांनाही कळू दे, लेक इथे कशी राहते.”

सानिका उठली. हात धुऊन आली. फोन मागून घेतला आणि ओढणीने पुसला.

“राहू दे, दादा.”

“रागावतेस काय? शुक्रवारी काय करशील मग?”

“कॉलेजच्या ऑफिसात मुदत मागेन. स्टेटमेंट तेही बघतील. पण पाहुण्यांना वाचून दाखवणार नाहीत.”

तिने बूट घातले. वहिनींना “येते” म्हणाली, ईशानीच्या गालाला हात लावला, आणि गेली. दार तिने अगदी हळू लावलं.

“खिशात दमडी नाही, आणि तोरा बघा,” चंद्रहास म्हणाला. “वाढ गं अजून श्रीखंड.”

नीलिमाने हातातला घास ईशानीला भरवला. तिचं तोंड पुसलं. मग डावा हात नवऱ्यासमोर धरला.

“तुझा फोन दे.”

“कशाला?”

“मीही वाचते. तुझं झालं की विवेकचा घेऊ.”

या वेळी कोणी हसलं नाही. विवेकने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा आपला फोन पालथा केला. थोड्या वेळाने जयंतीनेही.